मकाव कुणाला हाक मारतो?



"फादर, मकाव पाळणे पाप आहे का?" असा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला विचारला. हो किंवा नाही, एवढेच उत्तर त्याला हवे होते. पक्षी त्याने पाहून ठेवला होता, किंमत एखाद्या चांगल्या मोटारसायकलएवढी होती, आणि घरच्या मोठ्यांनी बहुधा 'आधी फादरांना विचार' असे सांगून विषय माझ्याकडे ढकलला होता. पाप-पुण्याचा हिशेब असा दारात उभ्या उभ्या होत नाही. शिवाय या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन-तीन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते केवळ पक्ष्यापुरते नाहीत. म्हणून उत्तर सर्वांसमोरच मांडत आहे.

आपल्याकडे पोपट पाळणे नवीन नाही. आमच्या लहानपणी कितीतरी ओट्यांवर पिंजरा टांगलेला असे. त्यात हिरवा मिठू, वाटीत भिजवलेली चण्याची डाळ आणि एक मिरची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. परदेशी पक्षी मात्र त्या कायद्यात येत नव्हते, म्हणून हौस तिकडे वळली. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी मकावसारख्या पक्ष्यांची नोंदणी बंधनकारक केली. तेव्हा कायद्याचे उत्तर सोपे आहे: कागदपत्रे पाहा, नोंदणी करा. पण जे जे कायदेशीर ते ते योग्यच असते, असे तुमच्यापैकीही कुणी म्हणणार नाही. त्या तरुणानेही मला कायदा विचारला नव्हता.

मकाव मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. घरोघरी दिसतो तो बहुधा निळ्या पाठीचा आणि पिवळ्या पोटाचा. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट, वजन किलोभर. पोर्तुगीज भाषेत त्याला 'अरारा' म्हणतात. हा शब्द त्यांनी ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचलला. त्याच भाषाकुळातले 'काजू' आणि 'अननस' हे शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून थेट आपल्या वाड्यांत येऊन रुजले. अरारा तेवढा मागे राहिला. १५०० साली काब्रालचा ताफा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला आला. १५०२ च्या एका प्रसिद्ध पोर्तुगीज नकाशावर ब्राझीलच्या जागी मोठमोठे रंगीत पोपट काढलेले आहेत. १५३४ ते १७३९ या काळात ज्यांचा अंमल वसईवर होता, त्यांना तो देश आधी पोपटांचा देश म्हणून दिसला होता.

त्या देशात हे पक्षी जोडीने राहतात. जोडी एकदा जमली की सहसा मरेपर्यंत टिकते. मोठ्या थव्यातही नर आणि मादी पंखाला पंख लावून उडत असतात, त्यामुळे कोण कुणाचे ते खालून ओळखता येते. वाळलेल्या ताडाच्या पोकळ खोडात दोन-तीन अंडी घातली जातात. पिल्लाला उडायला सुमारे तीन महिने लागतात, आणि त्यानंतरही ते कित्येक महिने आईबापांच्या मागे मागे असते. पेरू देशात तांबोपाता नदीच्या काठी मातीच्या उंच दरडी आहेत. सकाळी तेथे शेकडो पोपट आणि मकाव माती खायला जमतात; त्यांच्या नेहमीच्या अन्नात कमी पडणारे सोडियम त्या मातीतून मिळते, असे संशोधकांचे मत आहे. हे वाचताना मला रविवारच्या मिस्सानंतरचे आपले आवार आठवते. काम पाच मिनिटांचे, गलबला सगळ्या गावाचा.

सकाळी आणि सांजेला हे पक्षी फार मोठ्याने ओरडतात. दाट रानात सोबती नजरेस पडत नाही, तेव्हा आवाज दूरवर पोहोचावा लागतो. मी इथे आहे, तू कुठे आहेस, एवढीच त्या ओरडण्यातली विचारपूस असते. ती विचारपूस दोन खोल्यांच्या घरात झाली तर काय होते, ते आपल्या धर्मग्रामातील एका मावशींच्या शेजाऱ्यांना विचारा.

या मावशींविषयी त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर एक मकावचे पिल्लू आणले. त्याला आता बारा वर्षे झाली. पक्ष्याचे नाव राजा. मावशींच्या घरी गेलात तर दाराच्या चौकटीला वाळवी लागल्यासारखी दिसेल. ती राजाची चोच आहे. वेताची खुर्ची संपली, टीव्हीच्या रिमोटची बटणे संपली, एका पाहुण्याच्या कानातले डूल थोडक्यात वाचले. रोज सकाळी तासभर पिंजरा आणि भोवतालची फरशी धुण्यात जातो. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देऊन भागत नाही. फळे, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये लागतात. चॉकलेट आणि अव्होकाडो हे त्याला विष. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने असा पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, कारण हवेतला प्राणवायू शोषून घेण्याची पक्ष्यांची ताकद आपल्यापेक्षा फार मोठी, आणि त्याबरोबर विषही तितक्याच झपाट्याने आत जाते. मावशी पुन्हा लोखंडी तव्यावर आल्या. चार वर्षांत त्या वेलांकनीला गेलेल्या नाहीत, कारण राजाला कुणाकडे ठेवायचे?

राजाने काकांना निवडले होते. असे पक्षी घरातल्या एकाच माणसाला पुष्कळदा आपले मानतात आणि बाकीच्यांना सहन करतात, तेही मनात आले तर. काकांच्या खांद्यावर बसून तो त्यांच्या भुवया चोचीने हलकेच विंचरत असे. मावशी जवळ आल्या की चोच उघडत असे. चार वर्षांपूर्वी काका वारले. त्यानंतर राजाने छातीवरची पिसे उपटायला सुरुवात केली, इतकी की खाली कातडी दिसू लागली. मुंबईहून पक्ष्यांचे डॉक्टर आणले. रोग काही नव्हता. मावशींनी आपला पलंग त्या खोलीत हलवला, दिवसभर त्याच्याशी बोलू लागल्या, आणि पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी तो आपण होऊन त्यांच्या मनगटावर येऊन बसला. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी लहान मानत नाही. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी माणसांच्या हातांनी वाढवलेल्या पाच निळ्या-पिवळ्या मकावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीचा सांभाळणारा माणूस बोलू लागला की त्यांच्या गालांची उघडी कातडी अधिक वेळा लालसर होत असे. पाच पक्ष्यांवरून मोठे सिद्धान्त मांडू नयेत. पण मावशींना ते पानभर आकडे नकोच होते. "लाजतो हो तो," त्या म्हणाल्या.

आणि सांजेला राजा काकांच्या आवाजात हाक मारतो: "अगं, दिवा लाव." तोच खोकला, तोच हेल. मी अल्तारीसमोरच्या दिव्याइतकाच तो दिवा वेळेवर लागलेला पाहिला आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे बोलके पक्षी आम्हाला वरचेवर भेटत. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की भारतातला पोपट दारू प्यायला की अधिकच चावट होतो. (हा प्रयोग कुणी केला असेल, याचा शोध आम्ही विद्यार्थी मधल्या सुटीत करत असू.) १६३७ साली देकार्तने मांडले की पोपट शब्द उच्चारतो, पण बोलत नाही, कारण त्या शब्दांमागे विचार नसतो. जॉन लॉकने एक गोष्ट सांगितली आहे. ब्राझीलमध्ये डच राज्यपाल मॉरिस याच्यासमोर एक म्हातारा पोपट आणला गेला. तू कुणाचा, असे विचारल्यावर तो म्हणाला, एका पोर्तुगिजाचा. काय करतोस, असे विचारल्यावर म्हणाला, कोंबड्या राखतो. राज्यपाल हसला, तेव्हा पोपटाने कोंबड्यांना बोलावण्याचा आवाजही काढून दाखवला. लॉकचा मुद्दा असा, की गोष्ट खरी मानली तरी आपण त्याला शहाणा पोपट म्हणू, माणूस म्हणणार नाही. आणि ज्याला बुद्धी कमी, तो माणूस मात्र माणूसच राहतो. हा मुद्दा मला पटतो. हुशारीवर माणसाची किंमत ठरत नाही, हे आपल्या घरातल्या मतिमंद मुलांच्या आईवडिलांना लॉकने सांगण्याची गरज नव्हती.

पण या सर्व मोठ्या माणसांनी पोपटाला एकच परीक्षा घातली: त्याला कळते का? मावशींच्या घरी बसल्यावर मला दुसराच प्रश्न पडला. त्याला काय हवे आहे? रानातला पोपट आपल्या थव्याचे आवाज शिकतो, कारण त्या आवाजाने तो थव्यातला ठरतो. घरात थवा नसतो, म्हणून तो आपले आवाज शिकतो. त्याच्या बोलीत उत्तर देणारे घरात कुणी नाही, म्हणून तो आपल्या बोलीत हाक मारतो. 'दिवा लाव' याचा अर्थ त्याला कळत नसेल. पण ही हाक मारली की कुणीतरी उठते, खोलीत येते, हे त्याला पक्के कळते. आपण ज्याला करमणूक समजून हसतो, ती एका पक्ष्याने घातलेली 'मला तुमच्यात घ्या' अशी गळ आहे.

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. मकावचे पिल्लू माणसाळावे म्हणून त्याला फार लहानपणी आईबापांपासून वेगळे काढून हाताने भरवण्याची पद्धत आहे. असे पिल्लू माणसालाच आपले कूळ समजते. मोठे झाल्यावर घरातल्या एकाला जोडीदार समजते. दुकानदार याला 'एकदम माणसाळलेला' म्हणतो आणि त्याची जादा किंमत घेतो. माझ्या मते ते एक वचन आहे. शब्दांत दिलेले नाही, पण पक्ष्याला समजेल अशा एकमेव भाषेत, म्हणजे भरवण्यात, खांद्यावर घेण्यात, डोके खाजवण्यात दिलेले. मी तुझा थवा आहे, असे ते वचन. मग आपण सकाळी सातच्या लोकलने चर्चगेटला जातो आणि रात्री आठला परत येतो. मधल्या तेरा तासांत त्या वचनाचे काय होते? पिंजरा मोठा आहे, सोन्याचा आहे, दाणे बदामाचे आहेत, हे सगळे त्या तेरा तासांना लागू पडत नाही. मी लग्न लावणारा माणूस आहे. वचन देताना लोकांचे चेहरे किती आनंदी असतात आणि ते पाळताना किती साधी, रोजची, कंटाळवाणी हजेरी लागते, हे माझ्यासमोर असते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की फादर, तो पक्षी आहे, माणूस नव्हे. बरोबर आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देऊ नयेत, त्यांच्यावर माया करावी, पण माणसाच्या हक्काचे प्रेम आणि पैसा त्यांच्याकडे वळवू नये, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ज्या घरात पक्ष्याला भिजवलेले बदाम आणि भांडी घासणाऱ्या बाईला परवाचा भात, त्या घराने मकावचा विचार नंतर करावा. पण यातून उलटे अनुमान निघत नाही. तो माणूस नाही म्हणून त्याला फसवले तरी चालते, असे होत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात आपण दुसऱ्याचे भले इच्छितो. दुसऱ्यात आपण ती वस्तू आपल्यासाठी इच्छितो. त्याला त्यांनी उदाहरणे दिली आहेत द्राक्षारसाची आणि घोड्याची. द्राक्षारसावर प्रेम करणाऱ्याला त्या रसाचे भले करायचे नसते. खरी मैत्री माणसामाणसांतच होते, असे त्यांचे मत; आणि पशूंच्या बाबतीत त्यांचा हात मला जरा आखडताच वाटतो. पण कसोटी म्हणून हा भेद उत्तम आहे. मला मकाव आवडतो, असे म्हणताना मी त्याला घोड्याच्या रांगेत उभे करतो की द्राक्षारसाच्या? घोड्याला निदान भूक आणि थकवा असतो, हे मालकाला विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याने रान पाहिलेलेच नाही, मग त्याचे काय हिरावले? आणि पिंजऱ्यांनी काही जाती वाचवल्यासुद्धा. हे खरे आहे. ब्राझीलच्या बाहिया राज्यात स्पिक्स मकाव नावाचा निळा पक्षी होता. २०११ च्या 'रिओ' या चित्रपटामुळे तुमच्या मुलांना तो माहीत असेल. झाडे तोडली गेली, हौशी संग्राहकांसाठी पिल्ले पकडली गेली, आणि १९९० च्या दशकात रानात एकच नर उरला. त्याने काय केले? दुसऱ्याच जातीच्या, हिरव्या रंगाच्या एका मकाव मादीशी जोडी जमवली. १९९५ मध्ये त्याच्याच जातीची एक मादी पिंजऱ्यातून तेथे सोडण्यात आली. ती काही आठवड्यांत नाहीशी झाली, आणि तो हिरव्या सोबतिणीबरोबरच राहिला. २००० साली तोही दिसेनासा झाला. २०१९ मध्ये ही जात रानातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. तरी पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांपासून वीण वाढवून २०२२ मध्ये काही स्पिक्स मकाव पुन्हा त्याच भागात सोडले गेले. म्हणजे पिंजऱ्यानेच जात संपवण्यास हातभार लावला आणि पिंजऱ्यानेच तिचे बी राखले. म्हणून पिंजरा म्हणजेच पाप, असे मी म्हणणार नाही.

पण त्या शेवटच्या नराने मला सांगितले ते वेगळेच. सगळे रान त्याचे होते, आकाश मोकळे होते, दार कुठेच नव्हते. तरी त्याला कुणीतरी लागले, आणि आपल्यासारखी मिळाली नाही तर जवळपासची चालली. राजाने रान पाहिले नाही हे खरे, पण सोबतीची भूक त्याच्या अंगातच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव सगळे पशुपक्षी आदामापुढे आणतो. आदाम त्यांना नावे देतो, पण त्यांत त्याला साजेसा जोडीदार सापडत नाही. हा उतारा आपण नेहमी आदामाच्या बाजूने वाचतो. मावशींच्या घरी तो मी पक्ष्याच्या बाजूने वाचला.

तेव्हा, प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला माझे उत्तर: मकाव पाळणे हे चोरीसारखे, जात्याच वाईट कृत्य नाही. पण तुझ्या घरात दिवसभर कुणी नसते. तुला दोन वर्षांत परदेशी जायचे आहे. हा पक्षी सांभाळला तर पन्नास वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगतो. हे माहीत असताना घेतलास तर पाळता न येणारे वचन जाणूनबुजून दिल्यासारखे होईल, आणि त्याला मी चूक म्हणेन. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी घाबरून तो सोडून देऊ नये; आपल्या हवेत, कावळ्या-घारींत तो टिकणार नाही. नोंदणी करा. त्याला वेळ द्या, शक्य असेल तर जातभाई द्या. आणि आपल्यानंतर कोण, हे आजच ठरवा.

मावशींनी हाच प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात विचारला होता. त्या अडुसष्ट वर्षांच्या, राजा बारा वर्षांचा. मुलगी दुबईला. "माझ्यानंतर हा पुन्हा पिसे उपटत बसणार," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने: "आणि आत्ताच दिला कुणाला, तर सांजेला हाक कोण मारणार?"

आपल्या गायकवृंदातील एक जोडपे वाडीत राहते. त्यांच्याकडेही एक मकाव आहे, कॅनडाला गेलेल्या एका कुटुंबाने मागे ठेवलेला. दोघे दिवसा घरीच शिवणकाम करतात. तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी ती दोघे मावशींकडे जाऊन नुसती बसतात. राजाने नवऱ्याला दोनदा चावले, दुसऱ्या वेळी टाके पडले. आता तो त्याच्या हातून पपई घेतो. महिन्याभरापूर्वी दुसरा पक्षी आणून दोन पिंजरे समोरासमोर ठेवले. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून एवढा आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. तिसऱ्या दिवशी राजा आपल्या दांडीच्या त्या टोकाला जाऊन बसला होता, जे दुसऱ्या पिंजऱ्याच्या जवळ होते.

मावशींनी ठरवले आहे. आपण हिंडत्या-फिरत्या असतानाच राजाला वाडीत पाठवायचे, म्हणजे सुरुवातीला रोज जाऊन बसता येईल. मोठ्या जाळीच्या खोलीचे माप घ्यायला वेल्डर येत्या मंगळवारी येणार आहे. जाळी केवढी असावी हे त्याला सांगायला त्या स्वतः जाणार आहेत.